शून्य अंशाचा किनारा: उत्तर नॉर्वेच्या नोव्हेंबरविषयी प्रश्नोत्तरं

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ट्रॉम्सो, आल्टा आणि त्या बाजूच्या किनाऱ्यावर हवा कशी असते, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. काही जण दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणारे आहेत, काही नॉर्वेतच नोकरीला आहेत, तर काहींनी निव्वळ कुतूहलापोटी विचारलं आहे. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो.

प्रश्न (पुणे): नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोन मुलांना घेऊन ट्रॉम्सोला जातोय. आर्क्टिक वृत्ताच्याही वर म्हणजे उणे 25-30 धरून चालायचं का? कपडे कुठले घ्यावेत?

उत्तर: उणे तीस विसरा. ट्रॉम्सो जवळजवळ 70 अंश उत्तरेला असलं तरी तिथल्या नोव्हेंबरचं सरासरी तापमान शून्याच्या आसपासच असतं. अटलांटिकमधून वर येणारं कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून वाहतं आणि हवेला ऊब देत राहतं. अलास्कातलं उत्कियाग्विक जेमतेम दीड-दोन अंश आणखी उत्तरेला आहे. तिथला समुद्र दर हिवाळ्यात गोठतो, पण ट्रॉम्सोचं बंदर बारा महिने खुलं राहतं. नॉर्वेतला नीचांक, उणे 51.4, हा 1 जानेवारी 1886 रोजी करासयोकला नोंदवला गेला. ते गाव समुद्रापासून आत, फिनमार्कच्या पठारावर आहे. किनारा आणि पठार यांची हवा एकच समजलात तर कपड्यांपासून सगळंच चुकेल.

पण शून्य म्हणजे सोपं, असं मुळीच समजू नका. माझ्या मते त्या किनाऱ्यावर सगळ्यात त्रासाचं तापमान शून्यच. सकाळी पाऊस पडतो, दुपारी त्याचा ओला बर्फ होतो आणि रात्री त्यावर काचेसारखं कवच धरतं. त्यात वारा असतोच. शून्य अंशाला सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते उणे 7 सारखं लागतं. कोरड्या उणे दहात मुलं मजेत खेळतात, पण कपडे भिजलेले असले की शून्याला अर्ध्या तासात रडकुंडीला येतात.

म्हणून एकच जाडजूड जॅकेट नको. अंगालगत लोकरीचं किंवा चांगलं थर्मल घाला, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट व पँट. अंगालगत सुती कपडा अजिबात नको, तो ओलावा धरून ठेवतो. बूट जाड मोजे घालूनही आत बोटं हलतील इतके सैल घ्या, घट्ट बुटात पाय लवकर गार पडतात. मुलांसाठी हातमोज्यांचे जादा जोड न्या, कारण पहिला जोड पहिल्याच दिवशी भिजणार.

प्रश्न (नाशिक): यंदाचा नोव्हेंबर तिथं नेहमीपेक्षा थंड जाईल की उबदार, हे आत्ताच कळू शकतं का? एल निन्यो-ला निन्याचा तिथं काही संबंध असतो का?

उत्तर: आत्ता कळतो तो फक्त कल. युरोपीय मध्यम पल्ला हवामान केंद्र दर महिन्याला हंगामी अंदाज काढतं. त्यात नेहमीपेक्षा उबदार असण्याची शक्यता इतकी टक्के, थंड असण्याची इतकी, असं दिलेलं असतं. त्यावरून 12 नोव्हेंबरला पाऊस पडेल की बर्फ, हे कुणीही सांगू शकत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एल निन्योचा हात आपल्या मान्सूनपर्यंत पोचतो, तसा उत्तर नॉर्वेपर्यंत ठळकपणे पोचत नाही. तिथं बघायचं ते अटलांटिककडे. आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब यांच्यातला फरक वाढला की पश्चिमेचे वारे जोर धरतात, वादळांची रांग लागते, हवा ऊबदार आणि ओली राहते. फरक घटला की ध्रुवाकडची किंवा रशियाकडची थंड हवा खाली उतरायला वाट मिळते. हे पारडं दोन-तीन आठवड्यांतही फिरू शकतं, त्यामुळे एकाच नोव्हेंबरमध्ये दोन्ही रूपं दिसतात.

या किनाऱ्याचं शास्त्राला मोठं देणं आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेला 'फ्रंट' म्हणायची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला नॉर्वेतल्याच बर्गन शहरात पडली. व्हिल्हेल्म ब्यर्कनेस 1917 मध्ये तिथं आले आणि त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह वादळांच्या जन्माचा आराखडा मांडला. पाठीशी होती ती किनाऱ्यावर जागोजागी उभारलेली निरीक्षणकेंद्रं. मच्छीमारांना वेळेत इशारा मिळावा, ही त्या कामामागची एक खरी गरज होती. आज 'यर' या नॉर्वेजियन हवामान सेवेवर जगातल्या कुठल्याही गावाचा अंदाज फुकट बघता येतो, तो याच परंपरेतून.

तेव्हा व्यवहाराचं सांगायचं तर हंगामी अंदाजावरून बॅग भरा, दहा दिवसांच्या अंदाजावरून बेत आखा आणि निर्णय मात्र दोन-तीन दिवस आधीच्या अंदाजावरच घ्या.

प्रश्न (ठाणे): नॉर्दर्न लाइट्ससाठी नोव्हेंबर चांगला की वाईट? मोबाइलवर केपी आकडा 5 दाखवला तरच बाहेर पडावं का?

उत्तर: केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा 0 ते 9 मधला आकडा. त्याची काळजी आपल्यासारख्या खालच्या अक्षांशांवरून बघणाऱ्यांनी करावी. ट्रॉम्सो अरोराच्या, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच्या पट्ट्याच्या बरोबर खाली येतं, तिथं केपी 2 असतानाही डोक्यावर हिरवा पडदा हलताना दिसू शकतो. सौरचक्राचा, म्हणजे सूर्यावरच्या घडामोडींच्या चढउताराचा, कळस 2024 च्या सुमारास गाठला गेल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितलं आहे, पण उतरत्या वर्षांतही जोरदार रात्री मिळतात. तिथं अडसर असतो ढगांचा.

ढगांचा निकाल वाऱ्याच्या दिशेवर लागतो, आणि ते सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चटकन समजेल. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि डोंगर उतरून वाईला आलं की उघडीप, हेच गणित तिथंही चालतं. नैर्ऋत्य किंवा वायव्येचा वारा समुद्रावरून ओलावा आणतो आणि किनाऱ्यावरच्या डोंगरांना आपटून तिथंच रिकामा होतो. त्या वेळी ट्रॉम्सोत बसून राहण्यात अर्थ नाही. लिंगेन आल्प्सची रांग, जिचं सर्वोच्च शिखर 1834 मीटर आहे, तिच्या पलीकडचं शिबॉट्न हे गाव पर्जन्यछायेत येतं. खगोल निरीक्षणासाठी ते मुद्दाम निवडलेलं ठिकाण आहे. अरोरा दाखवणाऱ्या गाड्या त्याच रस्त्यानं पुढे फिनलंडच्या हद्दीतल्या किल्पिसयार्वीपर्यंत जातात, त्याचं कारण हेच.

वारा आग्नेयेचा असेल तर पारडं उलटं. हवा जमिनीवरून डोंगर उतरून येते, उतरताना कोरडी होते आणि किनाऱ्यावरच आकाश मोकळं होतं. म्हणून केपीच्या ॲपआधी वाऱ्याचा बाण बघा. एका रात्रीची सहल घेऊन परत येणाऱ्यांची निराशा फार होते. निदान चार रात्री हाताशी ठेवा आणि सहलीची तारीख शक्य तितक्या उशिरा ठरवा.

प्रश्न (ऑस्लो): आम्ही दोघं भाड्याची गाडी घेऊन नोव्हेंबरअखेर ट्रॉम्सोहून आल्टामार्गे नॉर्डकॅपला जायचं म्हणतोय. जमेल?

उत्तर: जमेल, पण दिवस मोजून नका जाऊ. उत्तरेकडच्या तिन्ही प्रांतांत खिळ्यांचे टायर 16 ऑक्टोबरपासून लावता येतात. गाडी घेताना खिळ्यांचे टायर आहेत ना, हे स्वतः वाकून बघा. नॉर्डकॅपच्या आधीचे शेवटचे 13 किलोमीटर हिवाळ्यात एकट्यानं जाता येत नाही. ठरावीक वेळी बर्फ सारणाऱ्या गाडीमागे सगळ्यांनी रांगेनं जायचं. वारा वाढला की तीही रांग सुटत नाही. आल्टाच्या पुढे सेन्नालांदे पठारावरही असाच ताफा लावावा लागतो किंवा रस्ता बंदच होतो.

वाऱ्याचे आकडे सेकंदाला मीटरमध्ये असतात. तो आकडा 20 च्या पुढे गेला की पठारावर उडत्या बर्फानं बॉनेटपुढचं दिसेनासं होतं. अशा दिवशी हॉटेलचे पैसे बुडाले तरी मुक्काम वाढवा. आणि नोव्हेंबरअखेर म्हणजे जवळपास सगळा प्रवास अंधारातच, रेनडियर रस्त्यावर उभे असतात.

प्रश्न (रत्नागिरी): मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. उत्तरेकडच्या खलाशांकडून 'पोलर लो'बद्दल ऐकलं होतं. ते नेमकं काय असतं, आणि नोव्हेंबरमध्ये येतं का?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण या किनाऱ्याच्या हवामानातलं हेच सगळ्यात थरारक प्रकरण आहे. ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्रावरची बर्फगार हवा दक्षिणेला सरकते आणि अचानक उघड्या, तुलनेनं कोमट पाण्यावर येते. खालून ऊब आणि बाष्प मिळतं, वर कडाक्याची थंडी असते, आणि हवा उसळी घेते. समुद्राचा पृष्ठभाग आणि साधारण पाच किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यातला फरक 43 अंशांच्या पुढे गेला की अंदाज देणारे सावध होतात. तयार होणारं वादळ काहीशे किलोमीटरचंच असतं, बहुधा दिवस-दीड दिवसात संपतं, जमिनीवर आलं की विरून जातं. उपग्रहाच्या काही चित्रांत त्याला आपल्या चक्रीवादळासारखा डोळाही दिसतो.

धोका त्याच्या आकारात नाही, अचानकपणात आहे. समुद्र शांत आहे, आकाश बऱ्यापैकी मोकळं आहे, आणि थोड्याच वेळात तुफान वारा आणि समोरचा हात दिसू नये असा बर्फ. उपग्रह नव्हते तेव्हा ही वादळं कुठल्याच नकाशावर यायची नाहीत. दोन निरीक्षणकेंद्रांच्या मधल्या मोकळ्या समुद्रात ती जन्मायची आणि तिथंच मरायची. छोट्या मासेमारी बोटींना कसलाही इशारा मिळत नसे. आज हवामानाची संगणकी प्रारूपं बरीच सुधारली आहेत, तरी नेमकी जागा आणि वेळ अगदी जवळ आल्यावरच पक्की कळते.

नॉर्वेजियन आणि बॅरेंट्स समुद्रात मिळून हंगामाला साधारण डझनभर पोलर लो येतात. ऑक्टोबरपासून ते शक्य असतात, पण खरा जोर भर हिवाळ्यात. नोव्हेंबरमध्ये तिथं गाठ पडते ती बहुतेक वेळा अटलांटिकवरून येणाऱ्या नेहमीच्या मोठ्या वादळांशी, आणि त्यांचा इशारा काही दिवस आधी मिळतो.

प्रश्न (मुंबई): शेर्व्हॉयला ऑर्का आणि हंपबॅक बघायची बोट नोव्हेंबरमध्ये मिळते का?

उत्तर: मिळते. हेरिंग माशांचे थवे हिवाळा काढायला त्या बाजूच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांत येतात आणि त्यांच्या मागे व्हेल, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. वाऱ्यामुळे फेरी रद्द होणं नेहमीचंच, म्हणून ती सहलीच्या पहिल्या दिवसांत ठेवा. पुढे ढकलायला जागा राहते.

प्रश्न (कोल्हापूर, शाळकरी विद्यार्थिनी): तिथं सूर्य उगवतच नाही, मग दिवसभर काळोख असतो का?

उत्तर: ट्रॉम्सोला साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही. पण तो क्षितिजाच्या फार खालीही जात नाही. ऐन 21 डिसेंबरलाही दुपारी तो जेमतेम तीन अंश खाली असतो. त्यामुळे दुपारी काही तास आपल्याकडे सूर्यास्तानंतर असतो तसा निळा-गुलाबी उजेड राहतो. 1 नोव्हेंबरला दिवस साडेसहा तासांचा असतो आणि दोनच आठवड्यांत चार तासांवर येतो. ही घट पृथ्वीगोलावर टॉर्च मारून नक्की करून बघ.

प्रश्न (वास्को): आर्क्टिक तापतोय म्हणतात. त्या किनाऱ्याच्या नोव्हेंबरवर त्याचा काय परिणाम दिसतो? आणि गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचा तिकडे संबंध कसा?

उत्तर: 1979 नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, आणि बॅरेंट्स समुद्राचा भाग त्यातही पुढे आहे. किनाऱ्यावर याचा अर्थ 'थंडी कमी झाली, बरं झालं' असा नाही. जिथं महिनाभर सरासरी शून्याभोवतीच घुटमळते, तिथं एक-दोन अंशांच्या फरकानंही बर्फाऐवजी पाऊस पडतो. पडलेल्या बर्फावर पाऊस पडून तो पुन्हा गोठला की जमिनीवर कडक थर बसतो. रेनडियर खुरांनी बर्फ उकरून खालचं शेवाळासारखं लायकेन खातात, ते त्यांना या थराखाली मिळत नाही. सामी या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या पशुपालकांना मग कळपांना वैरण पुरवावी लागते, आणि शरदात बसलेला थर अनेकदा वसंतापर्यंत टिकतो. या मोसमाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

तुमच्या गावातल्या केंद्राचा संबंध थेट आहे. नॉर्वेच्याच स्वालबार्ड द्वीपसमूहात, 79 अंश उत्तरेला न्यू-ऑलेसुंड इथं भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र 2008 पासून आहे आणि ते वास्कोतून चालवलं जातं. 2014 मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधशाळा बसवली गेली, आणि डिसेंबर 2023 पासून भारतीय चमू ऐन हिवाळ्यातही तिथं जाऊ लागले. अटलांटिकचं कोमट पाणी फ्योर्डात किती शिरतं, हे मोजणं त्या कामाचा भाग आहे. पुण्याच्या पत्राला उत्तर देताना सांगितलेला प्रवाह तो हाच.

प्रश्न (सांगली): आई-बाबा सत्तरीचे आहेत, त्यांना बरोबर नेतोय. घसरण्याचीच भीती वाटते.

उत्तर: रास्त भीती आहे. पाऊस पडून रात्री आकाश निवळलं की दुसऱ्या दिवशी सकाळचे फुटपाथ सगळ्यात वाईट, त्या दिवशी दहानंतरच बाहेर पडा. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे तिथल्या दुकानांत सहज मिळतात, त्यांना 'ब्रॉडर' म्हणतात. पोचल्या दिवशीच घ्या आणि तिथली म्हातारी माणसं वापरतात तसे निःसंकोच वापरा. दुकानात किंवा हॉटेलात शिरताना मात्र काढून ठेवायचे, गुळगुळीत फरशीवर लोखंडी खिळे फार घसरतात.