इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग घ्यावं का? खानापूरकडच्या मुलाला पुढं काम कुठं मिळतं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सेकंड पीयूसी (बारावी) झाली, गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम, सीईटीचा (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचा) रँक बरा आहे. बेंगळूरला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट (आयईएम) मिळतंय, इकडं बेळगावात मेकॅनिकल. आणि घरचे म्हणतायत, "हे कसलं इंजिनिअरिंग, नाव तरी कुणी ऐकलंय का?"

वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो. मी हीच ब्रँच शिकलोय आणि सध्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीनशॉपचं प्लॅनिंग बघतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिक्षण चांगलं आहे, नाव अडचणीचं आहे. आरव्ही, रामय्या अशा दर्जाच्या कॉलेजात मिळत असेल तर डोळे झाकून घे. जिथं कॅम्पसला मोजक्याच कंपन्या येतात अशा ठिकाणी मिळत असेल तर मेकॅनिकल घे आणि हा विषय पुढं एमटेक किंवा एमबीएला धर.

घरच्यांना काय सांगायचं ते आधी बघू. मेकॅनिकलवाला पार्ट कसा बनवायचा ते बघतो. आपण बघतो तो पार्ट वेळेत, कमी खर्चात आणि माणसं न दमवता कसा बनेल ते. ऐकायला हवेतलं वाटतं, म्हणून हिशेबच मांडतो. आठ तासांची शिफ्ट धर. जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दोन सुट्ट्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या वजा केल्या की राहतात 420 मिनिटं. गिऱ्हाइकाला रोज 140 नग हवेत, म्हणजे दर तीन मिनिटांनी एक नग बाहेर पडला पाहिजे. लाइनवर पाच मशिनी आहेत. चार मशिनी अडीच मिनिटांत काम उरकतात, पाचवीला चार मिनिटं लागतात. मग दिवसाला 105 च्या वर नग निघणारच नाहीत. सुपरवायझरनं कितीही आरडाओरडा केला तरी नाहीत, आणि बाकीच्या चार मशिनींवर लाखो रुपये घातले तरी नाहीत. नेमकी ती पाचवी मशीन शोधायची, आणि चार मिनिटांतली कुठली मिनिटं खरी कापण्याची आणि कुठली जॉब (मशीनवर कापायचा नग) उचलण्या-बसवण्याची हे वेगळं काढायचं. निम्मं काम इथंच आहे.

उरलेलं निम्मं माणसांचं, आणि ते कॉलेजात शिकवत नाहीत. स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभा राहिलास की ऑपरेटर लगेच सावकाश होतो. त्याचंही बरोबर आहे. आज वेग दाखवला की उद्या टार्गेट वाढणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पुस्तकात रेटिंग नावाचा प्रकार आहे: माणूस नेहमीच्या मानानं किती वेगानं काम करतोय याचा अंदाज घेऊन वेळ दुरुस्त करायची, मग त्यात थकवा, पाणी पिणं, लघवीला जाणं यांची सूट मिळवायची. गणित सोपं आहे. अंदाज बरोबर यायला मात्र त्या माणसाबरोबर चहा प्यावा लागतो.

सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) जॉब बदलताना उभा राहून बघ एकदा. मशीन बंद केली, मग ऑपरेटर जॉ (नग पकडणारे जबडे) आणायला स्टोअरला गेला. स्टोअरवाला जेवायला गेलेला. जॉ मिळाले तर त्यांचे बोल्ट दुसऱ्याच ट्रेमध्ये. मग ऑफसेट घेणं (टूल आणि नगाची जागा मशीनला सांगणं), पहिला पीस काढणं, तो क्यूसीकडं (तपासणी खात्याकडं) पाठवणं, आणि क्यूसीच्या टेबलावर आधीच रांग. एका सेटिंगला नव्वद मिनिटं लागत असतील आणि शिफ्टमध्ये दोन सेटिंग असतील, तर तीन तास गेले. यातली निम्मी कामं मशीन चालू असतानाच उरकता येतात: जॉ, टूल, बोल्ट, ड्रॉइंग आधीच ट्रॉलीत लावून ठेवायचं. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनं याचीच पद्धत बसवली. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथनं वीट रचण्यातल्या 18 हालचाली पाचांवर आणल्या होत्या. तू शिकशील ती थिअरी बरीचशी याच घराण्यातली आहे.

अभ्यासक्रम म्हणशील तर पहिलं वर्ष सगळ्यांचंच असतं. पुढं वर्क स्टडी, प्लँट लेआउट, इन्व्हेंटरी, क्वालिटी कंट्रोल, ऑपरेशन्स रिसर्च, सिम्युलेशन. संख्याशास्त्र आणि प्रॉबॅबिलिटी आवडत नसेल तर मात्र पस्तावशील. थर्मोडायनॅमिक्सपासून पळ काढायला म्हणून ही ब्रँच घेणारे इथंच आपटतात.

आता नावाची अडचण. आपल्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या कारखान्यांच्या जाहिराती बघ. 'बीई मेकॅनिकल' असंच लिहिलेलं असतं. मालकाला हवा असतो प्रॉडक्शन प्लॅनिंगला किंवा क्वालिटीला माणूस, म्हणजे तुझंच काम, पण ब्रँचचं नाव त्याच्या तोंडी बसलेलं नसतं. मुलाखतीला बोलावलं तर अडत नाही, पण पहिल्या चाळणीत अर्ज बाजूला पडू शकतो. सरकारी नोकरीचं मनात असेल तर प्रत्येक जाहिरातीत तुझी ब्रँच धरलीय का हे तपासावं लागेल. मेकॅनिकलवाल्याला ती डोकेदुखी कमी असते.

काम मात्र आहे, आणि आपल्या भागात तर भरपूर आहे. बेळगाव फाउंड्रीचं गाव आहे. साचा, कोअर, ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या नगाची साफसफाई), मशिनिंग अशी लांबलचक साखळी, आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी कशाची तरी वाट बघत पडलेलं असतं. बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगीला विमानांच्या पार्ट्सचा एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे. तिथं प्रत्येक नगाचे कागद सांभाळावे लागतात आणि प्रोसेस लिहून काढणाऱ्याला किंमत असते. कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. ते तर बसनं जाण्याच्या अंतरावर. पगार सुरुवातीला या पट्ट्यात कमीच असतो, पुणे-बेंगळूरच्या मानानं तर कमीच. 'आयई' (इंडस्ट्रियल इंजिनिअर) हे पद नावानिशी हवं असेल तर गारमेंट कारखान्यांत बघ. तिथं कॉलर शिवायला किती मिनिटं धरायची यावर सगळा हिशेब चालतो आणि आयईचं वेगळं खातंच असतं. मोठी गोदामं, ऑनलाइन विक्रीवाल्या कंपन्या, कन्सल्टिंग, ॲनालिटिक्स इकडं पैसा जास्त. पण तिथं एक्सेल घट्ट लागतं, पायथन थोडंफार, आणि एसएपी (कंपनीचा माल-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बघितलेलं असलं तर बरं.

पुढं शिकायचं तर गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) 'प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल' असा वेगळा पेपर आहे. आयआयटी खरगपूरला या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पवईची निटी, 1963 सालची, 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनसाठी आजही तिचं नाव घेतात, प्रवेश कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेतून.

एक गोष्ट आपल्याकडची मुलं कमी लेखतात. शॉपफ्लोअरवर तुझं अर्धं काम बोलण्याचं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येणारा पोरगा पुण्यात चालतो, बेंगळूरात चालतो, तमिळनाडूतल्या होसूरलाही निभावतो. कन्नड नुसतं बोलता येऊन भागणार नाही, वाचायला-लिहायला शीक. शिफ्टच्या बोर्डावर कन्नडमध्ये लिहिलेलं असतं, आणि केपीएससीला (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला) कन्नडचा पेपर सक्तीचा असतो.

प्रवेशाचं राहिलं. कर्नाटकात ग्रामीण कोटा 15 टक्के आहे, पण पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला लागतो. खानापूर तालुक्यातलं गाव असेल तर तो नक्की काढ. कन्नड माध्यमाचा कोटा तुला लागू नाही. दुसरी वाट महाराष्ट्राची. तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमावादग्रस्त भागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. 865 गावांच्या यादीत तुझं गाव आहे का आणि शाळेकडून मातृभाषेचा दाखला मिळतो का, हे आजच विचार. त्यासाठी महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी दिलेली असावी लागते. दिली नसेल तर यंदापुरता तो विषय संपला.

ऑप्शन एन्ट्रीत (कॉलेजांच्या पसंतीक्रमात) मी असं लावीन: आधी बेंगळूरच्या दोन-तीन चांगल्या कॉलेजांतलं इंडस्ट्रियल, मग बेळगावच्या गोगटे कॉलेजचं मेकॅनिकल, मग बाकीचं मेकॅनिकल. कुठल्या कॉलेजात यंदा ही ब्रँच चालू आहे ते केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) बघून घे, मुलं कमी आली की कॉलेजं ब्रँच बंद करतात. आणि ज्या कॉलेजाचा विचार करतोयस तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून एवढंच विचार, की कॅम्पसला आलेल्या कंपन्यांपैकी कितींनी आयईएमवाल्यांना बसू दिलं.