मेटा-ॲनालिसिसमधला हिरा शेवटी पाहा

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-ॲनालिसिस एकच का, आणि मेटा-ॲनालिसिस आलं की वाद मिटला का, असं तुम्ही विचारलंय. एकच नाहीत. रिव्ह्यूमध्ये आधी प्रश्न पक्का करतात, कोणते अभ्यास घ्यायचे याचे नियम लिहून ठेवतात, मग छापलेले-न छापलेले सगळे अभ्यास शोधून पारखतात. त्यांचे आकडे गणिताने एकत्र केले की ते मेटा-ॲनालिसिस. अभ्यास एकमेकांशी जुळत नसतील तर ते गणित करूच नये.

मी नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका आहे, म्हणून आमचंच उदाहरण देते. असे वैद्यकीय रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात सात आडव्या रेषा आणि खाली एक हिरा आहे, म्हणजे सगळ्यांचा एकत्रित निकाल. प्रत्येक रेषा म्हणजे एक चाचणी: अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणाऱ्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का? मधली उभी रेषा म्हणजे फरकच नाही; बहुतेक आडव्या रेषा तिला छेदतात, म्हणजे एकट्या चाचणीवरून ठामपणे सांगता येत नाही. सातांचे आकडे एकत्र केल्यावर मात्र हिरा स्पष्टपणे फायद्याच्या बाजूला येतो. पहिली चाचणी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी छापली होती. तरी हे इंजेक्शन सर्रास द्यायला डॉक्टरांना वीसेक वर्षं लागली. त्या काळात गेलेल्या बाळांचा विचार आला की मला आजही वाईट वाटतं.

म्हणून हिरा दिसला की डोळे मिटून मानायचं? नाही. २०१५ मध्ये सहा देशांतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. भारतातून त्यात बेळगाव आणि नागपूर होते. इंजेक्शन गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत नेलं, आणि दर १००० स्त्रियांमागे साधारण ३.५ नवजात मृत्यू जास्त झाले. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या बहुतेकींची बाळं फार लहान नव्हतीच. पुढे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत चाचणी घेतली. तिथे सोनोग्राफीवरून गर्भाचे दिवस मोजले जात होते, बाळाची काळजी घेण्याची सोय होती. २८५२ स्त्रियांच्या त्या चाचणीत नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

औषधाचा प्रकार तोच, पण कुणाला आणि कुठे दिलं ते वेगळं. म्हणून रिव्ह्यू हातात आला की आधी मी समाविष्ट अभ्यासांचा तक्ता उघडते: रुग्ण कोण, रुग्णालय कसं. आमच्या प्रसूतिकक्षातही इंजेक्शनआधी पहिल्या सोनोग्राफीचा कागद मागतात.