ईजीएफआरवरच्या गोळ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरला चालतात, मग ग्लिओब्लास्टोमाला, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरला, का नाही?

मी डॉक्टर नाही हो, इंदूरला बायोटेक शिकवते, तेवढ्यावरूनच सांगते. ईजीएफआर हा एक रिसेप्टर, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल समजा, बाहेरून कुणी दाबली की आत "वाढ" असा निरोप जातो. ग्लिओब्लास्टोमाच्या जवळपास निम्म्या पेशंटांत या ईजीएफआर बेलच्या जीनच्या ढीगभर जास्तीच्या कॉप्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत व्ही-थ्री नावाचा तुटका प्रकार, त्याचा बाहेरचा तुकडाच गायब, म्हणजे कुणी दाबो न दाबो, बेल आपली वाजतेच.

आता गंमत बघा, फुफ्फुसात बिघाड असतो रिसेप्टरच्या आतल्या भागात, आणि एर्लोटिनिबसारख्या गोळ्या तिथेच जाऊन बसतात. मेंदूत बिघाड बहुतेक बाहेरच्या भागात, त्यामुळे त्याच गोळ्या तिथे नीट पकड घेत नाहीत. वर ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं ते अडवणारी भिंत, त्यामुळे औषध पुरेसं आत पोचतच नाही. आणि समजा पोचलं, एक रिसेप्टर बंद केला तरी मेट, पीडीजीएफआर असे दुसरे रिसेप्टर त्याचं काम उचलतात. आपल्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, एक दुकान बंद असलं तर कुणी उपाशी घरी जातं का, शेजारी वळतात, तसंच.

व्ही-थ्रीवर रिंडोपेपिमट नावाची लस पण होती, मोठी आशा होती, पण २०१६ मध्ये तिची फेज ३ ट्रायल, म्हणजे पेशंटांवरची मोठी चाचणी, थांबवावी लागली. गाठ परत आली तेव्हा कित्येकांत व्ही-थ्रीच नाहीसा झालेला, आणि हे लस न घेतलेल्यांतही तितकंच! सध्या दोन-दोन रिसेप्टर एकदम धरणाऱ्या कार-टी पेशींवर (कॅन्सरवर हल्ला करायला लॅबमध्ये बदललेल्या रोगप्रतिकारक पेशी) काम चाललंय, मला तरी तीच दिशा जास्त पटते.