वाचक विचारतात : सेइजुन सुझुकींचे चित्रपट कसे पाहावेत?

प्रश्न : जपानी दिग्दर्शक सेइजुन सुझुकी यांचा ‘ब्रँडेड टू किल’ (1967) पाहिला. गोष्टीचा धागाच सापडेना. पुन्हा बघू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बघा, पण लगेच नको. तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत. निक्कात्सु स्टुडिओसाठी सुझुकींनी केलेला हा शेवटचा चित्रपट. 1956 पासून तिथे त्यांनी चाळीसच्या आसपास चित्रपट केले, म्हणजे वर्षाला तीन-चार. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत, त्यातला दुय्यम बहुधा यांचा. पटकथा वरून यायची, चित्रीकरणाला जेमतेम पंचवीस दिवस मिळायचे. गुंडांच्या त्याच त्या कथा प्रेक्षकाला तोंडपाठ झालेल्या. त्यामुळे माणूस दारातून आला, जिना चढला, असली दोन प्रसंगांना जोडणारी दृश्यं सुझुकी सरळ गाळू लागले. नेहमीची कथा कशी चालते हे माहीत असलं, तरच काय गाळलंय ते कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी ‘यूथ ऑफ द बीस्ट’ (1963), मग ‘कांतो वाँडरर’ (1963), ‘टोक्यो ड्रिफ्टर’ (1966) आणि त्यानंतर ‘ब्रँडेड टू किल’. ‘कांतो वाँडरर’ बराच वेळ संथ, रीतसर चालतो. शेवटाकडे जुगाराच्या अड्ड्यात नायक तलवार चालवतो आणि कागदी सरकत्या भिंती एकदम कोसळतात. मागे नुसता लालभडक रंग. कलादिग्दर्शक ताकेओ किमुरा यांच्यासोबत सुझुकींनी असे परिणाम रंगवलेले पडदे आणि प्रकाश यांवर साधले. खर्च थोडा, पण कुठल्या क्षणी काय पडायचं हे आधीच नेमकं ठरलेलं असे.

प्रश्न : ‘स्टुडिओने हाकललेला बंडखोर’ ही त्यांची ओळख योग्य आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अर्धीच. हे चित्रपट कुणाला कळत नाहीत, असं म्हणत निक्कात्सुचे अध्यक्ष क्यूसाकु होरी यांनी 1968 मध्ये त्यांना काढलं. सुझुकी कोर्टात गेले, 1971 मध्ये तडजोड झाली, पण पुढचा चित्रपट मिळायला 1977 उजाडलं. अन्याय खराच. मात्र बंडखोर म्हटलं की प्रत्येक विचित्र चौकट निषेध वाटू लागते. आमच्या मते सुरुवातीचे बरेच चित्रपट साधे, कामचलाऊ आहेत आणि तसं म्हणायला हरकत नसावी. उलट ‘स्टोरी ऑफ अ प्रॉस्टिट्यूट’ (1965) आणि ‘फायटिंग एलेजी’ (1966) मागे पडतात. युद्धात सैनिक म्हणून गेलेल्या माणसाचा लष्करी शिस्तीवरचा संताप त्यांत धडधडीत दिसतो.

‘झिगॉयनरवाइझन’ (1980) तर आवर्जून बघाच. स्टुडिओ नाही, घाई नाही. निर्माते गेंजिरो आराटो यांनी तो हवा भरून उभारलेल्या तंबूत दाखवला. डोक्यावर साहेब नसतानाही दृश्यं तशीच तुटतात, मेलेली माणसं गप्पा मारायला येतात. ही शैली निव्वळ स्टुडिओच्या जाचातून आलेली नव्हती, याचा याहून चांगला पुरावा नाही.

प्रश्न : टीव्हीवर पात्रं कडेला अर्धी कापली जातात. – एक वाचक, नागपूर

उत्तर : टीव्हीचा ‘झूम’ बंद करा. साठच्या दशकातले त्यांचे बहुतेक चित्रपट 2.35:1 (रुंदी उंचीच्या 2.35 पट) या रुंद चौकटीत आहेत. आजच्या टीव्हीच्या 16:9 पडद्यावर चित्र सुमारे तीन-चतुर्थांश उंची व्यापतं. वर-खाली काळ्या पट्ट्या हव्यातच. जुन्या चौकोनी टीव्हीसाठीच्या 4:3 प्रतीत रुंदी चाळीस टक्क्यांहून जास्त कापली जाते, ती घेऊच नका. ‘टोक्यो ड्रिफ्टर’च्या सुरुवातीचं भगभगीत कृष्णधवल चित्र मुद्दाम तसं आहे. तिथे ब्राइटनेस कमी करू नका, पुढचे रंग मरतात.