मुक्काम कुठे करू?

प्रश्न : मी सांगलीची, वय २७. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, काम घरूनच. जुलैत महिनाभर एकटीनं महाबळेश्वरला राहून काम करायचंय. आई नको म्हणते.

उत्तर : जा गं, जरूर जा! पण मुक्काम साताऱ्यात कर. मी इथलीच, शाहूपुरीतली. जुलैत महाबळेश्वरला पाऊस नुसता कोसळतो. झाड पडलं की वीज जाते, विजेमागोमाग नेट, आणि ऐन मीटिंगमध्ये तुझा आवाज बंद. साताऱ्यात पाऊस त्या मानानं बराच कमी. तरी आगाऊ रक्कम देण्याआधी घरमालकांना विचारच, वीज गेल्यावर राउटर चालतो का? नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस घे; बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, तेवढं बघून घे. दुसऱ्या कंपनीचं सिमही हवंच.

सुट्टीला ठोसेघरचा धबधबा बघ, पण कठड्याच्या आतूनच. घाटात धुकं दाटतं, म्हणून उजेडात परत ये. कासची फुलं मात्र सप्टेंबरात.

आणि आईला पहिले दोन दिवस सोबतच आण. खोली, घरमालकीणबाई, कोपऱ्यावरची खानावळ तिनं स्वतः पाहिली की तिचा जीव भांड्यात पडेल.