लॅब्रेडॉर पिल्लू पुढच्या पायाने लंगडतंय? कॅल्शियमची बाटली आधी बंद करा

तुमचा सात महिन्यांचा लॅब्रेडॉर झोपून उठला की पुढच्या पायाने लंगडतो, थोडं चालला की सुधारतो, आणि सगळे 'कॅल्शियम वाढवा' सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. या वयात, या जातीत, असं लंगडणं दिसलं की आधी कोपर तपासायला हवं. एल्बो डिस्प्लेझियाची, म्हणजे कोपराचा सांधा नीट न घडण्याच्या दोषाची, लक्षणं बहुधा चार ते दहा महिन्यांत दिसतात.

कोपरात तीन हाडं मिळतात. त्यांची वाढ जुळली नाही की भार एका बाजूला पडतो, आतल्या हाडाचं टोक तडकतं किंवा कूर्चा सुटते. दोष आनुवंशिक आहे, अनेक जनुकांचा. त्यामुळे आई-बाप ठणठणीत चालत असले तरी पिल्लात उतरू शकतो.

रंकाळ्यावर फिरवताना समोरून व्हिडिओ काढा. दुखरा पाय टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं. दवाखान्यात घाबरून ते नीट चालत नाही, तेव्हा हा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढा, कारण दोष बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. लहान तुकडा एक्स-रेत सुटू शकतो. शंका राहिली तर सीटी स्कॅनबद्दल विचारा.

आता कॅल्शियम. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही आणि मोठ्या जातीत त्याने हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरून सिरप नकोच. रविवारच्या मटणाची हाडं आणि कांद्याचा रस्साही नको.

सगळ्यात जास्त फरक वजनाने पडतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. आपल्याकडे गुटगुटीत पिल्लाचं फार कौतुक होतं. पण 48 लॅब्रेडॉरवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, जोडी लावलेल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची संधिवाताची लक्षणंही उशिरा दिसली. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

गुळगुळीत फरशीवर चटया टाका. जिने, उड्या आणि चेंडूमागे धावणं बंद. पट्ट्याने थोडं थोडं, रोज सारखं फिरवा. घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक चुकूनही देऊ नका, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सुटलेला तुकडा काढल्यावर बऱ्याच कुत्र्यांना आराम पडतो, पण संधिवात पुढे येतोच, तेव्हा वजनाची काळजी जन्मभराची.

निदान पक्कं झालं तर त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका, आणि ज्यांच्याकडून त्याला आणलं त्यांना कळवा, म्हणजे तीच जोडी पुन्हा लावली जाणार नाही.