भटकी मांजर गाभण आहे असं वाटतंय, तिला खायला घालावं का?

घाला. गाभण असली तरी घाला, नसली तरी घाला.

तुम्ही लिहिलंय की पार्किंगमध्ये काही दिवसांपासून एक मांजर येतेय, पोट मोठं दिसतंय, सासूबाई म्हणतात "एकदा घातलंत की इथेच व्यायची आणि सगळं लेंढार आपल्या गळ्यात", आणि त्यात घरी जाऊबाई गरोदर. सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. खायला मिळेल तिथे मांजर टिकते. पण उपाशी ठेवली म्हणून ती व्यायची राहत नाही. ती शेजारच्या इमारतीच्या मीटररूममध्ये व्याते आणि दोन-तीन महिन्यांनी पिल्लं तुमच्याच गाड्यांखाली खेळायला येतात. त्यामुळे घालायचं की नाही यावर फार डोकं शिणवू नका. पुढे तिची नसबंदी करून आणायची तयारी आहे का, हे मात्र आजच घरात बोलून घ्या. आणि ज्या मांजरीला तुम्ही रोज ठरल्या वेळी खायला घालता, तीच पुढे पकडायच्या पिंजऱ्यात शिरते. खायला घालणं हे नसबंदीचं पहिलं काम आहे, तिच्या आड येणारं नाही.

ती गाभण आहे का हे लांबूनही बरंचसं कळतं. आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ कापल्यासारखं असेल तर कुणीतरी आधीच नसबंदी करून सोडलेली आहे, पोट दुसऱ्याच कशाने मोठं आहे. कान पूर्ण असेल तर ती खात असताना वरून बघा. गाभण मांजर बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंना रुंद दिसते, आणि आचळं गुलाबी होऊन वर आलेली असतात. हे गुलाबी होणं साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, पोट पाचव्या आठवड्यानंतर दिसतं, आणि एकूण दिवस 63 ते 65 च्या आसपास. म्हणजे तुम्हाला पोट दिसलं तेव्हा निम्म्याहून जास्त काळ गेलेला आहे. उलट पाठीचा कणा आणि बरगड्या मोजता येतायत, केस राठ झालेत आणि पोट तेवढं मडक्यासारखं, तर बहुतेक जंत. पोट दाबून बघायला जाऊ नका, ते डॉक्टरचं काम आहे. आणि हो, गाल फुगलेले, मान जाड, असं काही दिसलं तर तो बोकाही असू शकतो! आमच्या इमारतीत एका बोक्याचं डोहाळजेवण होता होता राहिलंय. मांजर तिरंगी असेल (पांढरा, काळा, भगवा) तर ती जवळजवळ नक्की मादीच.

एक शक्यता लोक विसरतात. ती आधीच व्यालेली असेल तर? पोट लोंबतंय, आचळांभोवतीचे केस चिकटून ओले, ती घाईघाईने खाते आणि तोंड पुसायलाही न थांबता एकाच दिशेने निघून जाते. असं असेल तर कुठेतरी पिल्लं आहेत. अशा वेळी कुणी "लांब नेऊन सोडू या" म्हणालं तर ठाम नाही म्हणा. आई नेली तर मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरतात, आणि वास कुठून येतोय ते शोधत तुम्ही आठवडाभर फिराल.

काय घालायचं? दूध-पोळी नको. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते, आणि पोळीने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं मिळतं (पाकिटावर किटन लिहिलेलं असतं), तेच गाभण आणि पाजणाऱ्या मांजरीलाही चालतं, कारण त्यात प्रथिनं आणि उष्मांक जास्त असतात. पाजताना तिची भूक दुपटी-तिपटीवर जाते. घरचं द्यायचं तर मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन, हाडं काढून. कांदा-लसूण पडलेला रस्सा अजिबात नको, ते मांजरांना विषारी आहे. सुकट तिला स्वर्ग वाटेल, पण त्यात मीठ फार, ती रोज घालायची वस्तू नव्हे. पाणी मात्र कायम. मुंग्यांसाठी सोपी युक्ती: मोठ्या ताटलीत बोटभर पाणी आणि त्यात खाण्याची वाटी.

जागा निवडताना जिना, लिफ्ट, मुलांची खेळायची जागा टाळा, अर्ध्या तासाने वाटी उचला, सांडलेलं पुसा. सोसायटीतली निम्मी भांडणं मांजरावरून नसतात, सुकलेल्या भाताच्या शितांवरून असतात. कुणी कायद्याची भाषा काढलीच, तर 10 मार्च 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत परिसरातल्या प्राण्यांना खायला घालण्याची सोय रहिवासी संघटनेने करायची असं म्हटलंय. पण शेजाऱ्यांशी बोलणं नियम फेकून सुरू करू नका.

पार्किंग पुसताना फिनाईलही जरा जपून, ते मांजरीच्या पंजाला लागतं आणि ती ते चाटते. मांजर येऊ नये म्हणून कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकणारे महाभाग असतातच, त्याही विषारी. आणि ती आजारी वाटली म्हणून माणसांची तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरते.

आता जाऊबाई. भीती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका जंतूची असते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण तो जंतू विष्ठेतून येतो, आणि विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. खाली पार्किंगमध्ये बसलेल्या मांजरीकडून तो वरच्या मजल्यावर येत नाही. जाऊबाईंनी मांजरीची घाण काढायची नाही, कुंडीतली माती हाताळली तर हात धुवायचे, मांस नीट शिजवायचं, भाजी धुवायची. शेवटच्या दोन गोष्टी मांजर नसती तरी करायच्याच. चावली किंवा ओरबाडलं तर मात्र कुणीही असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे रेबीजच्या लशीसाठी जायचं. म्हणून तिला उचलायच्या फंदात पडू नका.

जमलं तर एक खोका ठेवा. एका बाजूने दार कापलेलं, खाली चार-पाच बोटं उंबरठा, म्हणजे पिल्लं बाहेर गडगडत नाहीत. आत जुनी सुती साडी. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नख्या अडकतात. ती तिथे व्याली तर लांबून बघा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यात आकडा सोडला तर तथ्य आहे. वावर वाढला, हात लागला की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते, आणि मग तुम्ही त्यांना शोधत बसता.

पिल्लं चौथ्या-पाचव्या आठवड्यात खायला लागतात. माणसाळायची असतील तर हेच दिवस. नंतर ती फिस्कारायला शिकतात. आठव्या आठवड्याच्या सुमाराला त्यांचं दूध सुटतं आणि तीच आईच्या ऑपरेशनची वेळ. फार लांबवू नका. पिल्लं पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि पिल्लंही चार-पाच महिन्यांची झाली की त्या वयाला येतात. गाभणपणाच्या सुरुवातीलाच ऑपरेशन करायचं का, हे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. मी स्वतः पोट दिसायला लागल्यावर ते करून घेत नाही, पण करणाऱ्यांना नावंही ठेवत नाही.

दवाखान्यात आधी फोन करून तारीख घ्या. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं हॉस्पिटल आहेच, इतर शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पिंजरा मिळेल का ते विचारा. आदल्या रात्री खायला किती वाजेपर्यंत घालायचं तेही तिथेच विचारून घ्या. आणि खर्चासाठी वर्गणी मागायचीच असेल तर पिल्लं पाच आठवड्यांची असताना मागा. त्या वयाची पिल्लं समोर लोळत असताना नाही म्हणणारा सेक्रेटरी मला अजून भेटलेला नाही.